साच्यातली पुटकुळी

१

कवळीवाले गेले तेव्हा त्यांच्या ओट्यावर एका गिऱ्हाइकाचे पुढचे दात मेणात अर्धेच बसवलेले होते. उरलेले बशीत पडून होते. स्पिरिटचा दिवा विझवलेला, मेणाची सुरी पुसून जागेवर ठेवलेली. ज्याला थोड्या वेळाने परत कामाला लागायचं असतं तो माणूस असं आवरतो. हे मी तिथल्या तिथे मनाशी टिपलं, आणि नंतरच्या धांदलीत साफ विसरले.

ओटा छातीइतका उंच होता, कारण कवळीवाल्यांना बसता येत नव्हतं. मणक्यातली गादी सरकून नस दबली होती. खुर्चीत टेकले की कळ कमरेतून निघून डाव्या पायाच्या अंगठ्यापर्यंत जायची. म्हणून काम उभ्याने, आणि उभंही राहवेना की ओट्यामागच्या उघड्या लाकडी फळीवर आडवं व्हायचं. त्याच फळीवर ते सापडले. उताणे, गुडघ्यांखाली उशी, हात पोटावर, ओठ निळसर.

"मला वाटलं झोपलेत," त्यांची लेक म्हणाली. "किती तरी दिवसांनी असे शांत झोपलेले दिसले. म्हणून मी मुद्दाम उठवलं नाही. चहासुद्धा झाकून ठेवला."

तो चहा अजून तिथेच होता. वर साय धरली होती.

मला पोलीस खात्यात सगळे 'आत्याबाई' म्हणतात. तोंडावर नाही, पाठीमागे. मी दुसऱ्याच्या घरात नको तितकं नाक खुपसते असं त्यांचं म्हणणं, आणि ते खरंच आहे. या प्रकरणात मात्र नाक खुपसण्यासारखं काही दिसत नव्हतं. हा माणूस कमरेसाठी कित्येक वर्षं अफूच्या जातीतल्या वेदनाशामक गोळ्या घेत होता. जास्त झाल्या असतील, श्वास मंदावत मंदावत थांबला असेल. वाईट झालं, पण सरळ होतं.

मग शवागाराच्या डॉक्टरांचा फोन आला.

"आत्या... म्हणजे मॅडम, औषध तेच आहे, मरणही त्यानेच आलंय. पण रक्तात ते फार नाहीये हो. एका वेळेच्या नेहमीच्या गोळ्यांइतकंच. रोज घेणाऱ्याला एवढ्याने नीट जांभईसुद्धा येणार नाही."

"मग मेले कसे?"

"तेच तुम्हाला विचारतोय. आणि दुसरं. तुम्ही त्यांच्या कुलपातल्या डब्यातून जी बाटली जप्त केलीत ना, त्यातल्या गोळ्या आम्ही तपासल्या. खडू, साखर आणि गोंद. औषधाचा कणसुद्धा नाही."

२

त्या डब्याची किल्ली लेकीच्या गळ्यातल्या दोऱ्यात होती. म्हणून पहिली गाठ तिचीच घेतली.

तिशीतली बाई, बापासारखीच बुटकी, नखांत प्लास्टर. आई मागेच वारलेली. कारखाना म्हणजे घराचीच पुढची खोली, आणि बापलेक मिळून कवळ्या करायचे. भिंतीभर फळ्या, आणि फळ्यांवर प्लास्टरचे जबडेच जबडे. या भागातले निम्मे म्हातारे यांच्या मेहेरबानीने हसत होते.

"इथे काही टाकूनच देत नाही का?" मी विचारलं.

"नक्कल तोंडात बसेपर्यंत अस्सल टाकायचं नाही, हा बाबांचा नियम. आणि बसल्यावरही त्यांचा जीव होत नाही." मग तिच्या लक्षात आलं. "होत नसे," असं म्हणून तिने मान फिरवली.

कोपऱ्यातल्या टोपलीत एक नवाकोरा जबडा फुटून पडला होता. मी तो उचलला. तिने हिरडीवरचा एक बारीकसा उंचवटा दाखवला.

"पुटकुळी. साचा करताना हवेचा बुडबुडा अडकला की साच्यात खड्डा राहतो, आणि त्यातून निघालेल्या प्रत्येक नगावर त्याच जागी पुटकुळी येते. बाकीचे कारागीर खरवडून टाकतात. बाबा फोडून टाकायचे. मी लहान असताना तर मी केलेले नग माझ्या डोळ्यांदेखत फोडायचे. पुटकुळी बघितली की त्यांचं डोकं फिरायचं."

"गोळ्यांचं काय?"

ती ओट्याची कड नखाने खरवडत बोलली. सुरुवातीला त्या गोळ्या देवासारख्या धावून आल्या होत्या. रांगत संडासात जाणारा माणूस उभा राहिला. पुढे एकाने भागेना, मग दोनाने भागेना. सकाळी तीन, संध्याकाळी तीन, आणि मधे भांडण. दिवसा डुलक्या. एकदा तर दिव्यावर हात धरून उभे होते आणि कातडी भाजल्याचा वास येईपर्यंत कळलं नाही. दुसऱ्या डॉक्टरांकडे चोरून जायला लागले, तेव्हा तिने डबा आणला आणि किल्ली गळ्यात घातली.

"बाबा माझ्या पाया पडले हो मॅडम, त्या किल्लीसाठी. स्वतःचा बाप पाया पडतो तेव्हा काय वाटतं ते कुणाला सांगून कळायचं नाही."

"आणि अलीकडे?"

"अलीकडे सुधारले होते. डोळ्यांत पुन्हा चमक आली होती. कामात हात पहिल्यासारखा बसायला लागला. मी रोज विचारायचे, बाबा, कमी आहे का? रोज म्हणायचे, तुझ्या हातची गोळी लागू पडते बघ. मग डॉक्टरांनी ठरवलेल्या त्या मणक्याच्या ऑपरेशनची तरी काय गरज? मी तारीख रद्द केली. ते गेले त्याच सकाळी. त्यांना सांगितलं तर हसले, म्हणाले, बरं केलंस."

मी बोलता बोलता फळीखालचा खण ओढला. आत मेणाच्या पट्ट्या होत्या, घोड्याच्या नालासारख्या वाकवलेल्या. प्रत्येकीवर दातांचे ठसे, इतके खोल की काही ठिकाणी मेण आरपार गेलं होतं.

"हे काय?"

"गिऱ्हाइकांचे चावे," ती न बघताच म्हणाली. "माप घेताना मेण चावायला देतात."

मीही खण लावून टाकला. इतकी गिऱ्हाइकं इतकं दात खाऊन का चावतील, हा प्रश्न मला तेव्हा पडायला हवा होता.

३

जावई औषधांच्या घाऊक गोदामातून दुकानोदुकानी खोकी पोचवायचा. म्हणजे खऱ्या गोळ्या काढून खोट्या भरणारा चोर शोधायचा तर घरातच हजर. माझ्या हाताखालच्या शिपायाने तर त्याच्यासाठी कोठडी झाडूनही ठेवली.

"मॅडम, सासऱ्यांच्या गोळ्या विकायच्या असत्या तर मी गोदामातल्याच नसत्या विकल्या?" तो म्हणाला. मला जावई ही जातच फारशी आवडत नाही, पण बोलणं बिनतोड होतं. "खरं सांगू? मला त्यांचा राग होता. माझ्या बायकोने पाच वर्षं रात्री नीट झोप घेतली नाही. पण शेवटी शेवटी घरात हसणं ऐकू यायला लागलं होतं. ऑपरेशन रद्द झालं तेव्हा मीच म्हटलं, चला, सुंठीवाचून खोकला गेला."

"त्या दिवशी दुपारी घरी कोण होतं?"

"कोणी नाही. मी फेरीवर, ही तयार कवळ्या पोचवायला दवाखान्यांत. हिचे काका अधूनमधून येतात, सासऱ्यांना धरून चार पावलं चालवायला. त्या दिवशी आले नाहीत म्हणाले."

मग गेले गोळ्या लिहून देणाऱ्या डॉक्टरांकडे. मधल्या वयाचा, थकलेला माणूस. बाहेर बाकांवर पेशंटांची ही गर्दी.

"मी दोन आठवड्यांपुरत्या दिल्या होत्या," ते म्हणाले. "तेवढ्यात सूज उतरेल आणि व्यायाम सुरू करू, असा बेत होता. पुढे ते आले की डोळ्यांत पाणी आणायचे. बाहेर एवढी माणसं खोळंबलेली. लिहून दिलं की दोन मिनिटांत प्रश्न सुटायचा."

"तुमचा," मी म्हटलं.

त्यांनी ते ऐकून घेतलं. उलट बोलले असते तर मला बरं वाटलं असतं.

"एक गोष्ट मात्र मला उमगलेली नाही," ते हळूच म्हणाले. "वर्षानुवर्षं ते ऑपरेशनचं नाव काढू देत नव्हते. आणि आता शेवटच्या दिवसांत स्वतःच मागे लागले होते. तारीख अलीकडे घ्या, मला आता निभत नाही, असं इथे उभं राहून म्हणाले. वर, लेकीला सांगू नका म्हणाले."

लेकीला सांगायचे बरं वाटतंय, डॉक्टरांना सांगायचे निभत नाही. कुठेतरी पाणी मुरत होतं.

कचेरीत येऊन मी उरलेल्या गोळ्या कागदावर ओतल्या आणि शाळेतल्या पोरीसारखी एकेक बोटाखाली फिरवून पाहिली. मधे आडवी रेघ, रेघेच्या खाली एक अक्षर, अगदी दुकानातल्यासारखी. आणि रेघेच्या उजव्या बाजूला काहीतरी बोटाला टोचलं.

पुटकुळी. दुसरीवरही, तिथेच. तिसरीवरही. काही गोळ्या गुळगुळीत होत्या, त्या मी वेगळ्या काढून तपासायला पाठवल्या. त्या तरी खऱ्या असाव्यात असा माझा हिशेब होता. पण पुटकुळीच्या गोळ्या कुणाच्या हातच्या हे सांगायला आता प्रयोगशाळा नको होती.

४

मी ती गोळी लेकीच्या तळहातावर ठेवली. तिने अंगठा फिरवला, तो उंचवट्यावर अडला तसा तिचा चेहरा चकित झाला, आणि ती तिथेच जमिनीवर बसली.

"चव कोण बघतं," ती म्हणाली. "गिळायचीच तर असते. एक खरी गोळी दाबून साचा केला. सुरुवातीला तिनात एक माझी. मग दोन. अगदी सावकाश, त्यांना थरथर सुटू नये म्हणून. शेवटी शेवटी तिन्ही माझ्याच. सगळं थांबून दीड महिना झाला होता मॅडम. आणि त्यांना काही कळलं नाही. उलट बरं वाटायला लागलं."

"डॉक्टरांना विचारलंस?"

"डॉक्टर कमी करू म्हणाले की बाबा दुसरा डॉक्टर शोधायचे. मी कुणाला सांगणार? मला वाटलं, दोन महिने होऊ देत, मग समोर बसवून सांगीन, बाबा, तुम्ही इतके दिवस खडू खाताय. आपण दोघं हसू."

"या बाटलीतल्या सगळ्या तूच केल्यास?"

"सगळ्या."

"साचा एकच?"

"एकच. माझ्या टेबलाच्या खणात आहे."

म्हणजे गुळगुळीत गोळ्यांचं काय? तो प्रश्न मी गिळला. अजून तो मला स्वतःलाच नीट मांडता येत नव्हता.

"काढून घेतलेल्या खऱ्या गोळ्या कुठे आहेत?"

तिने वर पाहिलं. सर्वांत वरच्या फळीवर, छताला लागून एक खोकं होतं. त्यात तिच्या आईचे जबडे होते, बापाने तरुणपणी हौसेने घेतलेलं माप. "त्याच्याखाली बाटली ठेवलीये. बाबांना स्टुलावर चढता येत नाही. आणि टाकवल्या नाहीत माझ्याच्याने. नक्कल बसेपर्यंत..." नियम तिने पुरा केला नाही.

ती कोपऱ्यातल्या स्टुलावर चढली, खोकं खाली घेतलं, झाकण काढलं आणि एकदम ओरडली.

"हे कुणी ठेवलं असं?"

मला काहीच वावगं दिसेना. दोन जबडे एकमेकांवर ठेवलेले, दात दातांना भिडलेले.

"वरचा खाली आहे आणि खालचा वर! आई उलटी ठेवलीये. आमच्या घरात झोपेतसुद्धा कुणी असं ठेवणार नाही. यांनीसुद्धा नाही, लग्न झाल्यावर बाबांनी त्यांना पहिलं तेच शिकवलं."

खालची बाटली होती जागेवर, पण तोंडाशी दाबून बसवलेला कापूस बाहेर लोंबत होता. कुणीतरी ती उघडली होती. ते कुणीतरी या धंद्यातलं नव्हतं, आणि त्याला स्टुलाचीही गरज पडली नसावी, कारण स्टुलावर प्लास्टरच्या धुळीचा थर लेकीने पाय ठेवेपर्यंत मोडलेला नव्हता.

"तुझे काका किती उंच आहेत ग?" मी विचारलं.

५

काका दारातून आत आले ते मान वाकवून. कवळीवाल्यांचा धाकटा भाऊ, निवृत्त बसचालक. बुटक्यांच्या घरात हा एकच ताडमाड निपजला, म्हणून लहानपणापासून सगळे त्यांना 'शिडी' म्हणत.

"त्या दिवशी मी आलो नव्हतो," त्यांनी बसायच्या आधीच सांगितलं.

"तुमच्या वहिनींना उलटं कुणी ठेवलं मग?"

त्यांना काही कळेना. मी दोन जबडे टेबलावर ठेवून समजावलं. तेव्हा ते खुर्चीत टेकले.

"आलो होतो. चालवायला आलो तर दादा फळीवर वाकडा होऊन पडलेला. तोंडात मेणाचा तुकडा. मी म्हटलं, दादा, हे काय? तर मेण काढून हसला. म्हणाला, शिडी, आज ऑपरेशन रद्द झालं. मी म्हटलं, मग सांग की पोरीला, दुखतंय म्हणून. तर म्हणाला, कसं सांगू रे? तिला वाटतंय तिने बाप परत मिळवला. एवढी खूश आहे. मी आता दुखतंय म्हटलं तर तिचं सगळं पाण्यात जाईल."

"सगळं म्हणजे काय, ते नाही विचारलंत?"

"त्याचं धंद्यातलं बोलणं मला कधी कळलंय? म्हणाला, आजची एक दुपार मला झोपू दे, उद्या बघतो काहीतरी. तुझ्या वहिनीचं खोकं काढ. पोरगी अस्सल टाकायची नाही, ते तिच्या आईपाशीच असेल. मी काढलं. त्याने बाटलीतून तीन गोळ्या घेतल्या, रोजच्यासारख्या. बाकीच्या परत ठेवायला लावल्या. म्हणाला, संध्याकाळी ये, दात बसवायचेत, दिवा धरायला कुणीतरी हवं." त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "रोजच्याच तीन हो बाई! वर्षानुवर्षं माझ्यासमोर घेतल्यात त्याने."

"मग खोटं का बोललात?"

"लेकीने लपवलेल्या गोळ्यांनी बाप गेला, हे मी कुठल्या तोंडाने सांगू? तुम्ही तिलाच धरलं असतं."

ते रडत होते, आणि माझ्या कानात एकच शब्द घुमत होता. अस्सल. कवळीवाल्यांनी खऱ्या गोळ्यांना अस्सल म्हटलं होतं. म्हणजे नक्कल कोणती, हे त्यांना ठाऊक होतं.

६

गुळगुळीत गोळ्यांचा निकाल आला. खडू, साखर, गोंद.

एकाच साच्यातून पुटकुळीच्या गोळ्या निघतात आणि बिनपुटकुळीच्याही, असं कसं? मी लेकीच्या खणातला साचा भिंगाखाली धरला. गोळीच्या आकाराची खोबण, मधे रेघ, अक्षर. साच्यात सगळं उलटं, म्हणून रेघेच्या डावीकडे जिथे खड्डा असायला हवा तिथे एक टिंब, आजूबाजूच्या प्लास्टरपेक्षा किंचित पांढरं. कुणीतरी तो खड्डा भरला होता. भरून इतका घासला होता की भिंगाशिवाय दिसू नये. लेकीने भरला असता तर मी पुटकुळीची गोळी हातावर ठेवली तेव्हा तिचा चेहरा तसा झाला नसता. तिला तोवर ती दिसलीच नव्हती.

आता सगळं आपोआप जुळत गेलं. रोज गोळी हातात घेणाऱ्या त्या माणसाचं बोट आयुष्यभर पुटकुळ्या शोधण्यात गेलेलं. एक दिवस ते बोट गोळीवर थांबलं. त्यांनी आरडाओरडा केला नाही. किल्ली मागितली नाही. लेक बाहेर गेल्यावर तिचा खण उघडला, साचा पाहिला, आणि तिची चूक दुरुस्त करून परत ठेवला. तिचं काम कुणाला ओळखू येऊ नये म्हणून. किंवा पुटकुळी बघवत नव्हती म्हणून. मला वाटतं, दोन्हीसाठी.

फळीखालच्या खणातले चावे मी लेक घरात नसताना ओळीने मांडून पाहिले आणि परत आत ठेवले. प्रत्येकात डावीकडचा सुळा टोकाला तुटलेला. गिऱ्हाइकं वगैरे काही नव्हती. एकच तोंड होतं. शवागारात मी त्या तोंडातला तो सुळा पाहून आले, म्हणजे खात्रीच झाली. दुखणं एक दिवसही थांबलं नव्हतं. फक्त आवाज थांबला होता.

उरला एकच प्रश्न, तो मी त्या थकलेल्या डॉक्टरांना विचारला. रोजच्याच तीन गोळ्यांनी माणूस कसा मरतो?

त्यांनी पेन खाली ठेवलं.

"हे औषध शरीराला हळूहळू सवयीचं होतं. मग दुसऱ्याला मारेल एवढं घेतलं तरी त्याला फक्त बरं वाटतं. पण सुटलं की ती सवयही सुटते. काही आठवड्यांत माणूस पुन्हा कोरा होतो. त्यानंतर जुन्या मापाने घेतलं तर ते नवख्याने घेतल्यासारखंच. त्यांना कुणीतरी हे सांगायला हवं होतं."

"कुणी सांगायला हवं होतं?"

"मी," ते म्हणाले. "पण सुटलंय हेच मला कुणी सांगितलं नाही."

आत्महत्या नव्हती. मरायचं असतं तर बाटली परत वरच्या फळीवर गेली नसती, सुरी पुसली गेली नसती, संध्याकाळी दिवा धरायला भावाला बोलावलं नसतं. खूनही नव्हता. एक दुपार झोप हवी होती, एवढंच. या घरातल्या एकाने जरी कुणाला एक खरं वाक्य सांगितलं असतं, तरी हा माणूस आज ओट्याशी उभा असता. मला त्या सगळ्यांचा असा संताप आला, आणि तो काढायला समोर एकही वाईट माणूस नव्हता.

वर मी लिहून कळवलं की अपघात. खोटी गोळी देण्याबद्दल वरून काय यायचं ते येवो.

७

लेकीला सांगायला मी एकटीच गेले. चाव्यांचं सांगायचं नाही असं ठरवून गेले होते. गोळ्या, सवय, तीन ही नेहमीची मात्रा, एवढंच सांगितलं.

"म्हणजे मीच मारलं."

"नाही."

"मी सवय सोडवली आणि मीच त्या वर ठेवल्या. अजून काय असतं मारणं?" मग तिने माझा हात धरला. "पण मॅडम, मधले ते दिवस. ते तरी चांगले गेले ना? त्यांना बरं वाटत होतं ना? रोज म्हणायचे हो. तेवढंच माझ्याकडे उरलंय."

मी नको तितकं बोलणारी बाई. हो म्हणायला तोंड उघडलं, आणि तेवढ्यात तिची नजर माझ्या पिशवीकडे गेली. परत करायला आणलेल्या वस्तूंत साचा होता, आणि कागदात बांधलेल्या गोळ्या. तिने पुडी सोडली. सवयीने अंगठा फिरवला. एकीवर पुटकुळी. दुसरी गुळगुळीत. तिचा अंगठा तिथेच थांबला.

"ही माझी नाही," ती म्हणाली.

तिने साचा उजेडात धरला. भिंग मागितलं नाही, तिला ते लागलंही नाही. ते पांढरं टिंब तिला दिसलं तसा तिचा चेहरा रिकामा झाला. मग तिने फळीखालचा खण ओढला, एक चावा काढला. शेल्फावरून बापाचा प्लास्टरचा जबडा उतरवला आणि त्यावर ती मेणाची पट्टी ठेवली. तुटका सुळा आपल्या खड्ड्यात अलगद जाऊन बसला. दुसरी पट्टी ठेवली. तिसरी. एकेक करत तिने खण रिकामा केला, आणि प्रत्येक पट्टी बसली.

मी तिला थांबवलं नाही. थांबवून काय करणार होते?

"रोज विचारायचे मी," ती म्हणाली. "रोज."

शेवटी तिने साचा पुन्हा हातात घेतला आणि जिथे खड्डा होता त्या जागेवरून बोट फिरवलं, पुन्हा फिरवलं, पुन्हा.

"इतकं साफ काम मला अजून जमत नाही," ती म्हणाली, आणि साचा फोडायला उचललेला हात तिला खाली आणता येईना.